आबांचा हातोडा

कामशेत स्टेशनच्या बाकावर नुसरत लोणावळ्याच्या लोकलची वाट बघत होती. शेजारी एक म्हातारे पाथरवट आपल्या नातीला निरोप द्यायला आले होते.

"रियुनियन म्हनं. कुटं आलं ते?"

"हिंदी महासागरात, आबा. आफ्रिकेच्या बाजूला लहानसं बेट आहे. तिथला ज्वालामुखी अजून लाव्हा ओकतो. त्याचाच अभ्यास करायचाय मला."

"आन आपल्या डोंगराचा काय संबंध त्येच्याशी?"

"दोघांची भट्टी एकच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन त्या भट्टीवर होती. लाव्हाचे थरावर थर साचले आणि हे डोंगर झाले. मग जमीन सरकत इकडं आली, भट्टी मागंच राहिली. आता तिच्यावर ते बेट आहे."

"बेटाचं वय काय?"

"असेल पन्नासेक लाख वर्षं."

"मंग कालचं पोर हाय. थोरला आपलाच."

"हो, आबा."

"चाळीस वर्सं थोरल्याच्या दगडाचं पाटं घडवलं म्या. भोकाचा दगुड तेवडा कदी घेतला न्हाई."

"मी तसलेच शोधणार आहे. ती भोकं लाव्हातल्या वायूची असतात."

"आमी टाकलेलं तू येचनार म्हन की."

लोणावळ्याची लोकल आली आणि गेली. नुसरत त्या दोघांचं बोलणं ऐकत बाकावरच बसून राहिली.

"हे घे, अपेक्षा. बॅगंत ठेव."

"आबा, हा तुमचा हातोडा. याला तर तुम्ही बाबांनाही हात लावू देत नाही."

"तितल्या दगडावर हळूच वाजव आन फोनवर आवाज ऐकव मला. आपल्या घरचा आसंल, तर वळखीन मी."