सासूबाईंचं बी-ट्वेल्व्ह
अगं, गेल्या वर्षी आमच्या सासूबाई फारच विसरायला लागल्या होत्या. एकदा तर गिरगावातल्या रोजच्या देवळातून घरी यायचा रस्ताच सापडेना त्यांना. आम्ही पार हादरलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला गेलेलं.

“रोज ताज्या भाज्या खाते मी, मला कसली आलीय कमी?” सासूबाई म्हणाल्या.

“आजी, हे भाज्यांत नसतंच, आणि दूध-दही तुम्ही सोडलंत,” डॉक्टर म्हणाले. “आता इंजेक्शनं घ्यावीच लागतील.”

कुरकुरत घेतली त्यांनी. काही महिन्यांनी मी ताक करत होते, तर मागून आवाज आला, “तुझ्या लग्नात तुझ्या वडिलांनी मठ्ठा काय आंबट दिला होता गं!”

एरवी भांडलेच असते. त्या दिवशी मी त्यांना मिठीच मारली.