पंजातला पान्हा

मंडळी, ओझरहून आलात, नाशिकहून आलात, कामं टाकून आलात. बसा. मला बोलायला उभं केलंय खरं, पण शब्द फुटतील की नाही, सांगता येत नाही. लोकांची टर उडवणं हा माझा धंदा. भास्कर असता तर म्हणाला असता, "आज कोणाची उडवतोस, बघू!" आज नाही जमत रे.

भास्कर हवाई दलाच्या विमानदुरुस्ती तुकडीत फिटर होता. तुकडीचं बोधचिन्ह त्यानंच काढलं. गरुड, आणि गरुडाच्या पंजात पान्हा. तेव्हाचे साहेब म्हणाले, "पान्हा? लोकांना वाटेल, नाशकातल्या द्वारका चौकातलं गॅरेज आहे. तलवार दे." भास्कर म्हणाला, "सर, तलवारीनं नट निघत नाही." साहेब हसले. पान्हा राहिला.

मग रीतच पडली. दुरुस्त झालेलं विमान चाचणीला निघालं, की ज्यानं काम केलं तो हँगरच्या दाराशी जायचा आणि तिथे टांगलेल्या चिन्हाच्या फळीवरच्या त्या पान्ह्याला हात लावायचा. म्हणजे काय? वर गेलेला माणूस खाली सुखरूप येईल, जबाबदारी माझी. किती हात लागले असतील! गरुड तजेलदार, पान्हा पुसट. निवृत्तीनंतरही भास्कर परवानगी काढून जायचा, फक्त पान्हा रंगवून यायचा.

"अरे, गरुडाला का नाही?"

"गरुडाला कोण हात लावतं?"

आता तुकडी दुसरीत विलीन झाली. नवं चिन्ह आलं. चकचकीत. वीज आहे, तारे आहेत, गरुडही आहे. पंजे रिकामे. जुनी फळी भंगारात काढली. ती मिळावी म्हणून भास्करनं अर्ज केले, फोन केले, उन्हात फाटकाशी उभा राहिला. "बघतो." "कळवतो." दवाखान्यात नाकाला नळी, तरी मला विचारायचा, "कळवलं का रे?" नाही कळवलं. शेवटपर्यंत नाही कळवलं.

गुरुवारी तो गेला. भंगाराची गाडी उद्या येणार आहे. मघाशी वहिनी म्हणाल्या, "भावजी, फळी मिळेल का हो? नसेल मिळत, तर एकदा हात तरी लावून येऊ द्या." काय सांगू त्यांना? सांगा ना, काय सांगू?

तुकडीचे अधिकारी समोर बसलेत. साहेब, हा टोमणा नाही. हात जोडतो.

उठा मंडळी, भास्करसाठी उभे राहू. शोकसभेत दोन मिनिटं शांत राहायचं असतं. आज घड्याळाकडे कोणी बघू नका. साहेब उत्तर देईपर्यंत शांत राहू.