बुटातलं फडकं

मंडळी, शंकर मंगळवारी दुपारी गेला. धनुर्वातानं गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हे मला स्वतः सांगितलं. गावात भलतंच बोललं जातंय, म्हणून हे आधी. एरवी मी साप्ताहिकात फुटबॉल मॅचचं वर्णन लिहितो. आज या शोकसभेत तुमच्यासमोर उभा आहे.

शंकर शहापूरचा विणकर. खड्ड्याच्या मागावर बसून पावड्या दाबणारा. त्या पायांनी तो अनवाणी खेळायचा, आणि कॅम्पातल्या सोल्जरांच्या बुटांना कधी भ्यायला नाही. मग यंदा ही लीग आली. देशभरातले संघ आणि पगारी खेळाडू, असं पहिल्यांदाच. तिच्या अटी होत्या. पायात बूट हवेत. आणि मैदानात उतरेल त्यालाच पगार.

शंकरनं खडेबाजारात बूट शिवून घेतले. त्यातला एक खिळा आत वर आला आणि तळव्यात घुसला. हैदराबादच्या मॅचआधी तो लंगडत होता. आपले कॅप्टन दत्तूअण्णा इथं बसलेत. त्यांनी विचारलं, "नव्या नवरीगत काय चालतोयस रं?"

"बूट नवं हायत, अण्णा. सासूगत चावत्यात."

सगळे हसले. शंकर खेळला. चांगला खेळला.

त्या बुटात काय होतं? फडकं होतं. मागावर बोट कापलं की शहापुरात जखमेवर सुताला लावायची खळ थापतात, घट्ट बांधतात आणि पुन्हा विणायला बसतात. घरोघरी हेच. शंकरनं पायालाही तेच केलं. जखम वरून बंद झाली. आत पिकत राहिली.

त्याची बायको, शेवंताआक्का, त्याला म्हणाली होती, "एक मॅच बसा की."

"बसलो तर पगार न्हाय. आन् माझ्या जाग्यावर दुसरा येतोय."

काही जण म्हणतात, पैशासाठी खेळला म्हणून गेला. मंडळी, शंकर लुगडीही पैशासाठीच विणायचा. त्यात लाज कसली? पण पूर्वी जखमी गडी बाहेर बसायचा, आपण त्याला चहा द्यायचो, त्याची थट्टा करायचो. आता बाहेर बसायला गडी घाबरतो. हे कुणी ठरवलं?

काल आक्का दत्तूअण्णांना एवढंच म्हणाल्या, "रविवारी खेळा. पर आदी समद्यांचं बूट काढून पाय बघा."

पाय बघितले जातील. जखमी गडी बसेल. त्याचा पगार कापू नये, अशी तार अण्णांनी लीगच्या चालकांना केली आहे. उत्तर शनिवारपर्यंत यायला हवं.

आता उठूया. पायताणं काढून ठेवूया. शंकरसाठी थोडा वेळ कुणी बोलू नये.

आणि रविवारी मैदानावर या. होकार आला असेल, तर मद्रासशी मॅच होईल. नसेल आला, तर आपला संघ अनवाणी येईल आणि मैदानाच्या मधोमध बसून राहील.