चमच्यातली साखर

—पैज शिवमनं लावली, मोठे बाबा, म्या फक्त हो म्हटलं. कायची म्हंता? थेच सांगून राहिलो, पण चप्पल आधी खाली ठेवा — दवाखाना हाय, नर्स पाहून राहिली. राजापेठले गिला वडा खाता खाता शिवम म्हणे, कंपनीची वजन कमी करायची पावडर आन मार्टवाल्यायच्या सोताच्या नावाची, दोन्हीत फरक असतेच. रोज पेणाऱ्याले फसवून दाखव, प्लेट माह्याकून. म्या म्हटलं, दाखवतो. कोणाले? थांबा ना.

मी काही येडा नाही, मोठे बाबा. दोन्ही डबे बाजूबाजूले ठेवून वाचले — दहावीत लटकलो तरी आकडे वाचता येतात. प्रोटीन सारखंच. साखर कंपनीच्यात बारा ग्राम, मार्टच्यात नऊ. नऊ कमी का बारा? मले वाटलं, शुगरवाल्याले तं हे उलट चांगलं. आठ रोज कोणाले पत्ता नाही — शिवमनं वडा चारला, म्या दोन प्लेटा हाणल्या. मोठी आई तेवढी म्हणे, या खेपेची गोड लागते रे — आन हसली — आन दोन टाइमची चार टाइम प्याले लागली.

मंग थे न्हाणीत पडली. शुगर पाचशेच्या वर. तुमी म्हटलं, रश्मी वहिनीनं कौंडण्यपूरच्या जत्रेचे पेढे चोरून चारले. वहिनी किती रडली — मामंजी, म्या डब्यातलंच देल्लं. तुमी आयकलं? नाही आयकलं. आता तिचा भाऊ अकोल्यावून निंगाला तिले न्याले. आन मघा डॉक्टरनं इचारलं, पोटात काय गेलं, तं तुमी पेढेच सांगितले.

काल घरी जाऊन म्या डबे परत पाहिले. खाली बारीक अक्षरात लिवलं हाय — कंपनीचे बारा, थे शंभर ग्रामाचे. मार्टचे नऊ, थे एका चमच्याचे. चमचा तीस ग्रामचा. शंभरात तीस झाली साखर, मोठे बाबा, बारा नाही — तीस. एका गिलासात दोन चमचे. चार गिलास.

म्या खालची ओळ वाचलीच नवती.

पेढा कोणीच चारला नाही. डबा कंपनीचाच होता, आतली पावडर मार्टची — म्या भरली. वहिनीनं नाही, शिवमनं नाही, म्या. डॉक्टरले मीच सांगतो, तुमी फक्त वहिनीच्या भावाले फोन —

चप्पल पायात कावून घालून राहिले? मारा ना.