सतरा नंबरची बाटली

—तर बदलणार नाही, चिटणीसबाई. पन्नासपैकी अकरा म्हणजे अकरा. शाईने लिहिलंय, खाली सही आहे. खाडाखोड केली की तक्ता बाद आणि परीक्षकही कायमचा बाद, हा आपल्या मंडळाचा नियम — कोणी केला? मीच केला. तीस वर्षं कचेरीत लोकांच्या खाडाखोडी पकडल्या, मी निवृत्त झालो, डोळे नाही झाले. बसा. ते भांडं सरकवा, थुंकायचं आहे ते — सकाळपासून स्पर्धेला आलेल्या घरच्या बारा बिअरा चाखल्या, बाराही त्यात गेल्या. तीन नंबर हुंगा जरा — ओल्या पुठ्ठ्याचा वास आला ना? भरताना हवा लागली. पाच नंबरचा फेस म्हणजे वरिष्ठांचं आश्वासन, दिसला आणि गेला. तरी वीस-वीस दिलेत. मी काही दुष्ट माणूस नाही.

मग सतरालाच अकरा का — हेच विचारायला आलात ना, उगाच आडून बोलू नका. मीड आहे ती, मधाची दारू. खिडकीशी धरा, रंग बघा. आता वास — मध, आणि मधामागे काहीतरी हलकं, फळाचं. ती नासपतीची साल. वाळवलेली, नवव्या दिवशी घातलेली — आठव्या नाही, दहाव्या नाही. हे जगात एकाच वहीत लिहिलंय आणि ती वही माझी. आठ वर्षांपूर्वी 'नुसती चाळतो' म्हणून ती कोणी नेली? आमच्या साहेबांनी. कचेरीत टिपण माझं आणि सही त्यांची, ते चालवून घेतलं — पगार खात होतो. पण हे? त्या वर्षी पहिलं बक्षीस साहेबांना. भाषणात म्हणाले, सालीची कल्पना पहाटे सुचली. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. शेजारी माझी मुलगी होती, ती वाजवत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. वही परत आली ती डाग पडून, मी माळ्यावर टाकली. पुढे लग्न होऊन जाताना मुलीनेच मागून नेली — म्हणाली, बाबा, तुमचं अक्षर आहे. असो, ते राहू द्या.

तर आठ वर्षं वाट पाहिली, मांजर बिळाशी बसतं तशी. परीक्षक झालो. बाटलीवर नाव नको, नुसता नंबर — मीच आणलं, म्हणजे डूख धरला असं कोणी म्हणायला नको. शेरे भर सभेत वाचायचे, करणाऱ्याला उभं करून — तेही मीच. अर्जात 'कृती कोणाची' हा रकाना कोणासाठी घातला वाटतं तुम्हाला? आता वाचा माझा शेरा. 'उसन्या अकलेची दारू. करणाऱ्याने पुन्हा मधाला हात लावू नये.' चार कच्चे खर्डे केले हो, तेव्हा जमलं.

चव? खोटं कशाला बोलू — तो पेला रिकामा आहे ना, तो भांड्यात नाही गेला. माझ्या हातून कधी अशी उतरली नाही. म्हणून तर अकरा. बरी असती तर वीस देऊन सोडला असता.

काय? साहेबांनी यंदा अर्जच भरला नाही? गुडघा — बरं, गुडघा. मग सतरा कोणाची? नावाचा लिफाफा फोडलाच आहे तर सांगा. नवीन बाई, पहिलीच वेळ... आडनाव वाचू नका. अर्ज द्या इकडे.

हं.

हे अक्षर मी गिरवून घेतलंय, पाटीवर, हात धरून. आणि हा रकाना — कृती कोणाची. 'माझ्या बाबांची.' खाली रेघ मारलीय, दोनदा. हे सभेत वाचणार होतात ना तुम्ही, शेऱ्याच्या आधी? साहेबांच्या दोस्तांसमोर. आणि ती उभी राहिली असती.

तुमचं पेन द्या. माझं आहे, पण... द्या तुमचं.

झालं. हो, आडवी रेघ, पानभर. याला खाडाखोड म्हणतात, बाई, तीस वर्षं ओळखतो मी. सतराची दुसरी बाटली सीलबंद आहे, दुसऱ्या कोणाला तरी चाखायला द्या. आणि माझ्याबाबत नियमात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, वाचून दाखवायची गरज नाही. निघा आता. दार ओढून घ्या — आणि बाहेर ती असेल, तिला आत पाठवू नका एवढ्यात.