पंचनाम्यात नसलेले पिल्लू

रविवार, दि. ३० जानेवारी १९९४ रोजी सकाळी साडेसात वाजता मोहबर्डी पाड्यावरील खवल्या मांजराची मादी या चौकीत लोखंडी पिंपात घालून सीलबंद करण्यात आली. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

मी, कुमुद देवचंद बिऱ्हाडे, वय ६३, सेवानिवृत्त प्राणिशास्त्र अध्यापिका, रा. शिरपूर, जि. धुळे, स्वतः हजर राहून सांगते ती हकीकत अशी :

हा प्राणी सातपुड्यात आता जवळजवळ संपला आहे. त्याचे खवले चोरून विकले जातात. निवृत्तीपासून मी पाड्यातील लोकांसह त्याचा अभ्यास करते. बिळाच्या तोंडाशी चुलीतली राख पसरायची आणि सकाळी तिच्यावरचे ठसे पाहायचे, ही आमची पद्धत. या मादीचे बीळ कोणी खणणार नाही, असा शब्द पाड्याने गावदेवासमोर पाणी सोडून दिला आहे.

आज पहाटे बाहेरच्या दोघांनी ते खणले. पाड्यातील दिवालीबाई व इतर बायांनी त्यांना पकडून प्राण्यासह येथे आणले. चोरांना कोठडी मिळाली. प्राण्यालाही मिळाली.

मी पोहोचले तेव्हा पिंपाच्या भोकातून आत भाकरी टाकलेली होती. हा प्राणी मुंग्या आणि वाळवी खातो, असे मी सांगितले. हवालदार अभिमन सोनवणे म्हणाले, "मॅडम, मुद्देमाल आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय सोडता येत नाही. उद्या बघू."

"उद्यापर्यंत मुद्देमाल मरेल. मग कोर्टात काय, कातडं हजर करणार?"

दिवालीबाई म्हणाली, "भाऊ, चोर आम्ही धरी लयनूत, आन तू जनावरलेच कोंडी ठेवस?"

त्यावर हवालदारांनी सील तोडून झाकण काढले. चेंडू झालेली मादी हळूहळू उलगडली. तिच्या पोटाशी पिल्लू होते. पंचनाम्यात 'प्राणी एक' लिहिले आहे, ते चूक आहे. पिल्लाचे खवले कोवळ्या कणसाच्या सालीसारखे फिके व मऊ होते. ते आईच्या शेपटीवर चढून बसले. आईने नाक वर करून आमचा वास घेतला. मी आयुष्यभर हा प्राणी शिकवला, पण हे कधी पाहिले नव्हते. हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. कोठडीतले दोघेही गजांशी येऊन पाहत होते.

मादी व पिल्लू यांना अंधार पडण्यापूर्वी पाड्याजवळच्या त्याच डोंगरावर सोडावे. मॅजिस्ट्रेटसाहेबांना रविवारची सुटी असेल, तर त्यांच्या घरी माणूस पाठवावा. सोडणार की नाही, याचे लेखी उत्तर मला आज सायंकाळी पाचपूर्वी हवे. नकार असल्यास तो देणाऱ्याचे नाव व सही हवी. तोवर मी आणि पाड्यातील बाया येथून हलणार नाही.

जबाब मला पिंपापासून लांब, व्हरांड्यात, हळू आवाजात वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.