चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या मध्ये

समारंभाचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आपले रेकॉर्डिस्टसाहेब, आग्रह करूनही वर न येता तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वृंदात गाणाऱ्या वहिनी, आणि रसिकहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सकाळपासून या कागदाची मी इतक्या वेळा घडी घातली आणि उघडली, की अक्षरं पुसली गेलीत. तेव्हा कागद बाजूला ठेवते.

आमच्या गायनवृंदाच्या मैफलीची सीडी साहेबांनी केली. सव्वा तासाच्या सलग कार्यक्रमाचे चौदा तुकडे करायचे. प्रत्येक गाणं वेगळं लावता यावं, पण ओळीनं ऐकणाऱ्याला जोड कळता कामा नये. टाळ्या, खोकला, खुर्चीची कुरकुर, सगळं एका दमात पुढे जायला हवं. टाळ्यांच्या मध्यात पुढच्या गाण्याची खूण नेमकी कुठे मारायची, यावर हा माणूस अख्खी दुपार घालवायचा. माझी आपली उठबस चाललेली. "बाई, एका जागी बसा हो!" म्हणायचे.

पण त्या सीडीत चौथ्या गाण्यानंतर दोन सेकंद काहीच वाजत नाही. कितीजणांनी विचारलं, "सीडी खराब आहे का?" मी हसून वेळ मारून नेली. आज नेणार नाही.

चौथं गाणं संपता संपता वीज गेली होती, आठवतं? सभागृह काळंकुट्ट, लोक उठू लागलेले, आणि वृंद गुणगुणत राहिला. चाळीस सेकंदांनी दिवे आले, तेव्हा सगळे जागच्या जागी होते. वर्तमानपत्रात छापून आलं, संचालिकेचं, म्हणजे माझं, प्रसंगावधान! ते कात्रण मी फ्रेम करून लावलं.

खरं काय झालं होतं? मी घाबरले होते. पियानोवाल्याच्या कानाशी कुजबुजले, "बंद करा, सगळं बंद करा." पियानो थांबला. वृंदाच्या मागच्या रांगेतला एक आवाज मात्र थांबला नाही. मग त्याला दुसरा मिळाला, मग सगळे. साहेबांचं मशीन बॅटरीवर होतं. माझे शब्द माईकनं टिपले.

स्टुडिओत ते ऐकून मी उठूनच उभी राहिले. म्हटलं, "हे काढा."

"नुसते शब्द निघणार नाहीत, बाई. चाळीस सेकंद अख्खे जातील. जोड उघडा पडेल."

"पडू दे."

त्यांनी तो तुकडा पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकला, आणि कापला.

सहा वर्षं मी ती सीडी पूर्ण ऐकलेली नाही. चौथं गाणं आलं की उठायचं, खिडकी लावायची, नाहीतर उघडायची. गेल्या महिन्यात यांच्या निवृत्तीचं कळलं आणि राहवेना. तडक स्टुडिओत गेले.

"ते चाळीस सेकंद आहेत का हो?"

"आहेत."

"तो पहिला आवाज कोणाचा, तुम्हाला कळलं होतं?"

"अठ्ठावीस वर्षांचा संसार आहे, बाई. मी ओळखणार नाही?"

वहिनी, घरी तुम्हाला त्यांनी सांगितलं, की चुकून त्यांच्याच हातून तेवढं पुसलं गेलं. ते खोटं होतं, आणि माझ्यासाठी होतं.

नवी सीडी बाहेरच्या टेबलावर आहे. तिच्यात माझे शब्द आहेत, वहिनींचा आवाज आहे, आणि चौथ्या-पाचव्याचा जोड कुठे आहे, तो काही मला सापडला नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. आजच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. त्या चाळीस सेकंदांची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ती वहिनींकडे मागायची आहे, आणि त्या उठून इकडेच येताहेत. तेव्हा मी थांबते.